जत्रेचं मटण, डिटॉक्सची पावडर आणि हुपरीचे सासरे: आतड्यात नक्की कसलं टॉक्सिन जातं?

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक आहे पण निम्मं उत्तर त्यातच आहे, म्हणून बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तीन आठवड्यांपूर्वी कागलकडं पाहुण्यांच्या गावची जत्रा, दुपारी दोनला मटणाचं जेवण, आणि रात्री बाराच्या पुढं घरातल्या चौघांना पोटात मुरडा आणि पाण्यासारखे जुलाब, ताप नाही, उलट्या जवळजवळ नाहीत, दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत सगळे उठून बसले. धाकट्यानं मटण खाल्लंच नव्हतं, त्याला दुसऱ्या दिवशी तिथनंच डब्यात आणलेला भात फोडणी घालून दिला आणि दीड-दोन तासात त्याच्या उलट्या सुरू झाल्या. मिस्टरांनी मेडिकलमधनं जुलाबाच्या अँटिबायोटिक गोळ्या आणून पाच दिवस घेतल्या, तरी आज तीन आठवडे झाले पोट फुगतंय, सकाळी दूध पिलं की तासाभरात पळावं लागतंय. सासरे हुपरीला चांदीच्या आटणीवर काम करतात, त्यांचं पोट जत्रेच्या कितीतरी आधीपासून मधूनमधून पिळवटून दुखतंय आणि चार-चार दिवस संडासला होत नाही. आता ओळखीच्या कुणीतरी सांगितलंय की घरातल्या सगळ्यांच्याच आतड्यात टॉक्सिन साठलंय, आणि १५ दिवसांचं गट डिटॉक्स पॅकेज गळ्यात मारलंय. घ्यावं का?

घेऊ नका. आणि सासऱ्यांना तर अजिबात देऊ नका, घाई असेल तर बाकीचं सोडून शेवटचा भाग आधी वाचा, तुमच्या घरात खरी काळजी करण्यासारखी गोष्ट ती एकच आहे.

मी इथं कोल्हापुरात पोटाच्याच पेशंटांचं काम करतो आणि हल्ली दर दुसरा माणूस आत येतानाच "डॉक्टर, टॉक्सिन झालंय" म्हणूनच येतोय. माझं म्हणणं एवढंच असतंय की बाबा, कुठलं टॉक्सिन? त्याला नाव पाहिजे, ते कशातनं आलं ते पाहिजे, आणि खाल्ल्यापासून किती तासांनी त्रास सुरू झाला ते पाहिजे. ही तीन उत्तरं नसतील तर टॉक्सिन झालंय म्हणून सांगणारा माणूस विष शोधत नाही, पावडर विकतोय.

तुमच्या घरचाच हिशोब बघा. दुपारी दोनचं जेवण आणि रात्री बारा-एकला मुरडा म्हणजे दहा-अकरा तास, ताप नाही, उलटी नाही, एका दिवसात बरं. एवढ्यावरनं माझा संशय क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सवर जातोय, आणि आपल्याकडच्या जत्रा-लग्नांसाठी हा जंतू अगदी ठरलेला पाहुणा आहे. मटणाचं मोठं पातेलं शिजवताना बाकीचे जंतू मरतात पण याचे बीजाणू, म्हणजे कडक कवचात झोपलेले जंतू, उकळीतनं पण जिवंत राहतात. मग ते ५० किलोचं पातेलं मांडवात तसंच झाकून ठेवायचं, पंगतीवर पंगती उठायच्या, चूल विझलेली, रश्श्यावर तर्रीचा जाड थर, त्यामुळं आत ऊब तशीच राहती आणि हवा पोचत नाही. या जंतूला नेमकं हेच पाहिजे असतंय, ४३ ते ४७ डिग्रीच्या आसपास तो दहा-एक मिनिटात दुप्पट होतो, म्हणजे तीन-चार तासात कुठल्या कुठं जातो. वास बदलत नाही, चव बदलत नाही, तांबडा रस्सा तसाच झणझणीत लागतो. हे जंतू लाखांनी पोटात गेले की आतड्यात जाऊन बीजाणू बनवतात आणि ते बनवताना विष सोडतात. म्हणून सहा तास ते एक दिवस एवढा वेळ लागतो. पहिल्या पंगतीला बसलेल्यांना काही होत नाही आणि चौथ्या पंगतीचे रात्रभर जागे, याचं कारण हेच, लोक मात्र नजर लागली म्हणतात नाहीतर वाढप्यावर घेतात.

धाकट्याचं प्रकरण वेगळं. त्याच्या आतड्यात जंतूंना वाढायला वेळच मिळाला नाही, दीड तासात उलटी म्हणजे विष डब्यातच तयार झालेलं होतं. भात, शिळा, रात्रभर बाहेर ठेवलेला, असं म्हटलं की बॅसिलस सेरियस. याचे पण बीजाणू भात शिजताना मरत नाहीत, आणि रात्रीत तो जे उलटीचं विष बनवतो ते इतकं चिवट असतं की फोडणी घाला, परता, उकळा, त्याला काहीही होत नाही. "गरम करून दिला होता की" हे मला सगळे सांगतात, पण गरम केल्यानं जंतू मरतो, विष नाही. बासुंदी, पेढे, खव्याच्या मिठाईतनं अर्ध्या तासापासून सात-आठ तासात उलट्या झाल्या तर तिथं स्टॅफिलोकोकस असतो, बनवणाऱ्याच्या हातावरच्या पिकलेल्या जखमेतनं किंवा नाकातनं आलेला, त्याचं विष पण असंच उकळून न जाणारं. शिळा भात खाऊच नका असं मी म्हणत नाही, आपल्या आया-आज्यांनी फोडणीचा भात घालूनच आपल्याला वाढवलंय, पण शिजल्यावर तासा-दोन तासात तो पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये जायला पाहिजे. जत्रेतनं डब्यात दाबून भरलेला कोमट भात गाडीच्या डिकीतनं आणून सकाळपर्यंत ओट्यावर ठेवलेला, तो गाईलाच घाला.

आता हे तास पुढं वाढवत गेलं की दुसरेच जंतू येतात. कोंबडी-अंड्यातनं येणारा साल्मोनेला साधारण सहा तास ते काही दिवस, सोबत ताप. टायफॉइड एक ते तीन आठवडे, म्हणून परवाच्या पाणीपुरीवर आळ घेऊन उपयोग नाही. आणि हिपॅटायटिस ए आणि ई या काविळी तर महिना-दीड महिन्यानं वर येतात. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची जी मोठी साथ आली ती दूषित पाण्यातनंच आली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर शिरोळ-करवीरकडच्या लोकांना आम्ही हेच सांगत होतो, पूर ओसरला म्हणजे संपलं असं नाही, विहिरी-बोअरमध्ये जे गेलंय त्याचा हिशोब पुढचे दोन महिने चालणार आहे. पाणी खळखळ उकळा, एक मिनिट उकळी आली तरी बास. नुसत्या क्लोरीनच्या थेंबांवर राहू नका, जिआर्डियासारखे परजीवी त्याला सहजासहजी दाद देत नाहीत.

जुलाब म्हणजे आतडं फाटलं, सडलं असं लोकांना वाटतं. तसं नसतंय बऱ्याचदा. हे पहिल्यांदा धडपणे दाखवलं ते कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी, १९५९ साली. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडनं बांधायचा आणि आत कॉलऱ्याचे जंतू गाळून टाकलेलं नुसतं पाणी सोडायचं, तरी तो तुकडा पाण्यानं टम्म फुगला. म्हणजे काम जंतूचं नाही, त्यानं सोडलेल्या विषाचं. हे विष आतड्याच्या पेशीत शिरून क्षार बाहेर सोडायचं दार उघडंच ठेवतं, मीठ बाहेर पडतं आणि त्याच्या मागनं पाणी. अस्तर जागच्या जागी असतं. आणि गंमत म्हणजे मीठ-साखर एकत्र आत ओढून घ्यायचं दुसरं दार या विषानं बंद होत नाही. तेवढ्या एका दारावर ORS, म्हणजे जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी, उभं आहे. १९७१ ला बांगलादेशातनं आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपत आलेलं असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये मीठ-साखरेचं पाणी कालवून नातेवाइकांच्या हातानं पाजायला लावलं, आणि जिथं शंभरातले वीस-तीस मरत होते तिथं ते चारच्या खाली आले. आज पुडीत असतं ते एका लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट. मेडिकलमध्ये मिळणारे गोडगोड टेट्रापॅक म्हणजे ORS नव्हे, त्यात साखर एवढी असती की जुलाब वाढतात. धाकट्याला पुन्हा जुलाब झाले तर यासोबत झिंक १४ दिवस, मात्रा तुमच्या बालरोगवाल्यांकडनं घ्या.

मग मिस्टरांचं काय? त्यांच्या पोटात आता ना तो जंतू आहे ना त्याचं विष, दोन्ही तीन आठवड्यांपूर्वीच गटारात गेले. राहिलंय ते मागचं नुकसान, आणि त्यातलं निम्मं त्या पाच दिवसांच्या गोळ्यांचं आहे असा माझा दाट संशय आहे.

आतड्याचं अस्तर फक्त एका पेशीचं असतं. फरशी बसवतो तशा पेशी शेजारी-शेजारी आणि मधल्या सांध्यात सिमेंट, वरनं चिकट शेंबडासारखा थर. लहान-मोठं मिळून हे सगळं पसरलं तर साधारण ३० चौरस मीटर भरतं, म्हणजे टू बीएचकेच्या हॉल-किचनएवढं, आणि ते तीन ते पाच दिवसात अख्खं नवं होतं. त्यामुळं "वर्षानुवर्षं आतड्याच्या भिंतीला चिकटलेली घाण" ही जी जाहिरातीत दाखवतात ती कुठं चिकटणार, भिंतच आठवड्यात बदलती. दुर्बिण घालून रोज आत बघणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, असली काळी पापडी कुणीही बघितलेली नाही. पावडर खाऊन जे काळं-लिबलिबीत पडतं ते त्या पावडरीचंच असतं, आणि पोट "साफ" होतं ते आत जुलाब करणारी सोनामुखी असती म्हणून.

आता या अस्तरावर लहान आतड्यात जी लव असते तिच्या शेंड्याला दूध पचवायचं लॅक्टेज असतं. जुलाबात पहिल्यांदा शेंडेच झिजतात. अस्तर आठवड्यात भरून येतं पण लॅक्टेज पूर्ववत व्हायला काहींना महिना-दोन महिने लागतात. आणि तुम्ही लिहिलंय की मिस्टर तिसऱ्याच दिवसापासून परत गंगावेशच्या कट्ट्यावर जाऊन म्हशीचं दूध ग्लास भरून पितात. अहो, तिथंच सापडलं. न पचलेली दुधाची साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात, गॅस होतो, पाणी ओढलं जातं, तासाभरात संडास. तीन आठवडे दूध पूर्ण बंद, चहातलं पण, दही-ताक चालेल कारण विरजणात साखर बरीच कमी झालेली असते. आणि चालू करताना धारोष्ण नको, तापवून. मला माहितीय कोल्हापुरात हे बोललं की तालमीतली माणसं अंगावर येतात, पण कच्च्या दुधातनं ब्रुसेला येतो, आतड्याचा टीबी येऊ शकतो, आणि गोठा कितीही स्वच्छ असला तरी हे डोळ्याला दिसत नाही.

गोळ्यांबद्दल. मोठ्या आतड्यात आपले स्वतःचे असे जवळपास ३८ लाख कोटी जंतू राहतात, वजनाला म्हणाल तर पाव किलोच्या आतच. ते भाजी-डाळी-ज्वारीतला न पचलेला चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. तो चिकट थर जाड ठेवायचं, सांधे घट्ट ठेवायचं काम यांच्या जिवावर चालतं. चोथा मिळाला नाही की यातलेच काही जंतू तो थर खायला लागतात. आणि आपण काय करतो, एक दिवसात आपोआप बरा होणारा जुलाब, त्यासाठी काउंटरवरनं दोन औषधांची जोडगोळी आणून पाच दिवस घरच्या जंतूंवर चालवतो. परफ्रिंजेन्सला अँटिबायोटिक लागतच नाही. रक्त पडत असेल, ताप चढला असेल, कॉलरा असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते ठरवणं काउंटरवरच्या पोराचं काम नाही. अशा गोळ्यांनंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू रिकामी जागा बघून वाढतो आणि त्याचं विष मात्र खरोखर अस्तर जाळतं, म्हणून गोळ्या संपल्यावर जुलाब वाढत गेले, ताप आला तर शौचाची तपासणी लगेच. मिस्टरांचं तसं काही वाटत नाही. मोठ्या जुलाबानंतर दहातल्या एकाला काही महिने पोट हळवं राहतं, ते, गोळ्या आणि दूध, एवढंच असावं. तरी आणखी दोन आठवड्यात फरक नाही पडला, किंवा वजन उतरलं, रात्री झोपेतनं उठावं लागलं, रक्त दिसलं, तर शौचाची तपासणी जिआर्डियासकट, सीबीसी, आणि पोटवाल्या डॉक्टरला दाखवा. प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूलांवर पैसे घालू नका, ताक प्या, आणि भाकरी-उसळ हळूहळू वाढवा, एकदम नको, पोट अजून फुगेल. मिसळ महिनाभर नको, कटातलं तिखट आणि तेल दोन्ही आत्ता झेपणार नाही.

इथं एक अजून, कारण शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतले बरेच लोक वाचत असतील. अंगदुखीसाठी रोज रिकाम्या पोटी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेणं हे जठरावरच नाही तर लहान आतड्यावर पण जखमा करतं, आणि वरनं आम्लाची गोळी घेतली तरी ती जठर वाचवती, आतडं नाही. दारू आतड्याच्या पेशींमधले सांधे सैल करती, त्यातनं जंतूंचे तुकडे लिव्हरकडं जातात. पाकिटातल्या खाऊतल्या एमल्सिफायरमुळं (तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) उंदरांमध्ये तो चिकट थर पातळ झालेला दिसलाय, माणसात किती ते ठरायचंय, पण मी तरी पोरांना रोज देणार नाही. कडवट-बुरशी लागलेला शेंगदाणा खर्ड्यात घालू नका, भाजून त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, पूर्ण जात नाही. आणि शेतात फवारणी करून आलेल्या माणसाला तोंडाला लाळ, उलट्या, जुलाब, घाम आणि डोळ्याची बाहुली टाचणीएवढी झाली तर ते पित्त नाही, विषबाधा आहे, कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि तडक कोल्हापूरचं सीपीआर हॉस्पिटल नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा, लिंबूपाणी देत बसू नका.

आता सासरे.

पिळवटून येणारं पोटदुखणं, बद्धकोष्ठ, आणि तुम्ही सहज लिहून गेलात की "हल्ली चेहरा पांढरा पडलाय आणि हातात जीव नाही म्हणतात". आटणीचं काम ३० वर्षं. ताई, हे शिसं असू शकतं. जुनी मिश्र चांदी शुद्ध करायला शिसं घालून गाळायची पद्धत फार जुनी आहे, तापवल्यावर त्याचा धूर होतो, तो नाकातनं जातो, उरलेली धूळ हातावर बसते आणि तोच हात तंबाखू मळतो, मिश्री लावतो, भाकरी मोडतो. डागाच्या, म्हणजे सांधे जोडायच्या कामात कॅडमियम असतं तो वेगळाच ताप. शिसं आतड्याच्या नसांवर आणि स्नायूंवर परिणाम करतं, म्हणून पोट कळ मारून येतं आणि पुढं सरकत नाही, आणि रक्त बनवायचं काम अडवतं म्हणून माणूस पांढरा पडतो. सोनोग्राफी नॉर्मल येते. अशा माणसांची अपेंडिक्स समजून ऑपरेशनं झालेली आहेत. त्यांना खिडकीजवळ बसवून खालचा ओठ ओढून बघा, दातांच्या मुळाशी हिरडीवर निळसर-काळी बारीक रेघ आहे का. मिश्री लावत असतील तर नुसतं बघून कळणार नाही, आणि रेघ नसली म्हणून सुटलो असं पण नाही.

तपासणी एकच, रक्तातलं शिसं, ब्लड लेड लेव्हल म्हणून मागा, मोठ्या लॅब नमुना बाहेर पाठवून करून देतात. सोबत सीबीसी, आणि पॅथॉलॉजीवाल्यांना लाल पेशीत ठिपके आहेत का ते बघायला सांगा. पातळी जास्त निघाली तर पहिलं औषध म्हणजे ते काम थांबवणं, मग गरजेप्रमाणं हॉस्पिटलमध्ये शिसं बाहेर काढायची औषधं, ती घरी घ्यायची नसतात. शिसं हाडात जाऊन बसतं आणि दहा-वीस वर्षं तिथं राहतं, १५ दिवसांच्या पावडरीनं ते निघत नाही. उलट असल्या पुड्यांमध्ये नागभस्म असेल तर नाग म्हणजे शिसंच, आणि पुडीवर काय लिहिलंय त्याची खात्री मी देऊ शकत नाही. सोनामुखीनं दोन दिवस पोट साफ होईल, बरं वाटेल, आणि तपासणी महिनाभर लांबेल, मला भीती याचीच आहे.

आणि ते कामाच्या कपड्यावर घरी येतात का, धाकट्याला मांडीवर घेतात का? मोठा माणूस पोटात गेलेल्या शिशातलं दहा टक्क्याच्या आसपास शोषतो, लहान पोर निम्म्यापर्यंत, आणि अंगात लोह-कॅल्शियम कमी असेल तर जास्तच. उद्यापासून कपडे आटणीवरच बदलायचे, घरात शिरायच्या आधी हात-तोंड साबणानं, ते कपडे वेगळे धुवायचे, आणि घराचा कोपरा न कोपरा झाडूनं झाडायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा. सासऱ्यांचा रिपोर्ट जास्त आला तर धाकट्याचं पण रक्त तपासा. रिपोर्ट आला की आकडा इथंच टाका, मायक्रोग्रॅम पर डेसिलिटरमध्ये लिहा, म्हणजे पुढं कुठं आणि किती घाईनं न्यायचं ते सांगतो. मधल्या काळात कळ असह्य झाली, झटका आला, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला किंवा मनगट लुळं पडलं तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी ॲडमिट करा, आणि दारातल्या डॉक्टरला पहिलं वाक्य "चांदीच्या आटणीवर काम करतात" हे सांगा.